हाडामागून चेहरा किती येतो?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते जनरल प्रॅक्टिशनर होते. दातांशी त्यांचा संबंध लवंगेच्या तेलाचा बोळा आणि ‘सकाळी दातवाल्याकडे जा’ एवढ्यापुरताच असावा. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून जबड्याच्या ऑपरेशनवर तासभर बोलणं हे धाडस आहे खरं, पण विषय मी मुद्दाम निवडला. ऑपरेशन ठरतं, खर्चाचं बोलणं होतं, रजेचा हिशेब होतो, आणि खुर्चीतून उठता उठता पेशंट विचारतो, ‘डॉक्टर, पण मी दिसेन कशी?’ किंवा ‘दिसेन कसा?’ खरं तर तो त्यासाठीच आलेला असतो. बाकीचं सगळं त्यानं शिष्टाचार म्हणून ऐकून घेतलेलं असतं.

या प्रश्नाचा अर्धा भाग सोपा आहे. हाड कुठे जाईल ते आम्ही सांगू शकतो, आणि मिलिमीटरमध्ये सांगू शकतो. जबड्याचं हाड ठरल्या जागी कापायचं, ठरलं तेवढं सरकवायचं, टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू लावून बांधून टाकायचं. पण रस्त्यात भेटणाऱ्या माणसाला हाड दिसत नाही. त्याला दिसते कातडी, तिच्याखालची चरबी, ओठांचे आणि हनुवटीचे स्नायू. आमच्या भाषेत सॉफ्ट टिश्यू. हाड आठ मिलिमीटर पुढे गेलं तर हे सगळं किती पुढे येईल? आठ? पाच? आणि सगळीकडे सारखंच येईल का?

माझं म्हणणं असं आहे की हा अंदाज देता येतो आणि द्यायलाच हवा, पण तो एका चित्राच्या रूपात देणं चूक आहे. तो ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा द्यायला हवा. चेहऱ्याच्या कुठल्या भागाचा अंदाज भरवशाचा आणि कुठल्याचा नाही, तेही त्याच वेळी सांगायला हवं. आज दवाखान्यादवाखान्यांत पडद्यावर दाखवतात ते चित्र मात्र एकच असतं, आणि ते फार सुबक असतं.

ऑपरेशनआधी रूप आखून बघण्याची गोष्ट निघाली की मला पुणं आठवतं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. तो टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला, म्हणजे बहुधा कुंभार. नाव कोणी टिपून ठेवलं नाही; बघायला हजर असलेल्या दोन इंग्रज सर्जनांची नावं, क्रूसो आणि फिंडले, तेवढी छापली गेली. कपाळाची कातडी खाली वळवून नाक करायचं ही युक्ती त्या पत्रामुळे युरोपात पोचली आणि 1814 साली लंडनला जोसेफ कार्प्यू यांनी तसं ऑपरेशन केलं. हे सगळं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. माझं लक्ष मात्र पत्रातल्या दुसऱ्याच एका तपशिलावर खिळतं. सुरी हातात घेण्याआधी त्या कारागिरानं मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या थोट्यावर बसवला आणि त्याला नाकाचा आकार दिला. आकार मनासारखा झाल्यावर तो पत्रा उचलून सपाट केला, कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ ओढली. त्या रेघेवर कातडी कापली. आधी रूप, मग माप, मग सुरी.

त्याला एक सोय होती. तो कातडीचाच अंदाज बांधत होता आणि कातडीच कापत होता. जबड्याच्या शस्त्रक्रियेत आम्ही बाहेरच्या कातडीला सहसा हातच लावत नाही. सगळं काम तोंडाच्या आतून, हिरडी आणि ओठाच्या मधल्या खोबणीतून चालतं. बाहेरचं रूप बदलतं ते आतलं हाड हललं म्हणून, त्याच्या मागोमाग. आमचा मेणाचा पत्रा आम्हाला चेहऱ्यावर ठेवून बघता येत नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. 1849 साली अमेरिकेत व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी एका तरुण मुलीचा खालचा जबडा कापून आखूड केला; विकृती दुरुस्त करण्यासाठी खालचा जबडा कापल्याची पहिली नोंद ती. त्या मुलीची हकीकत आमच्या विषयाला नेमकी लागू पडते. लहानपणी ती भाजली होती. गळ्यावरची भाजलेली कातडी आक्रसली, तिनं हनुवटी छातीकडे ओढून धरली आणि वाढत्या वयातलं जबड्याचं हाड त्या ओढीनं पुढे लांबत, वाकत गेलं. म्हणजे तिथे कातडीच्या मागून हाड गेलं होतं. हाड हा मालक आणि कातडी ही चाकर अशी मांडणी आम्ही सोयीसाठी करतो. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना ओढत असतात.

पुढे 1897 मध्ये सेंट लुईसला व्हिल्रे ब्लेअर यांनी पुढे आलेला जबडा मागे घेतला. 1901 मध्ये फ्रान्समधल्या लील इथे रेने ले फोर यांनी प्रेतांच्या डोक्यांवर आघात करून, वरचा जबडा कुठल्या ठरावीक रेषांवर तुटतो ते शोधलं. आज आम्ही वरचा जबडा सुटा करतो तो त्यांच्याच पहिल्या रेषेवर, म्हणून त्या ऑपरेशनला आजही ‘ले फोर वन’ म्हणतात. 1942 मध्ये ओटो होफर यांनी हनुवटीचं हाड आडवं कापून पुढे सरकवण्याची पद्धत मांडली. 1957 मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी हे काम तोंडाच्या आतून करायचा मार्ग इंग्रजी वाचकांपुढे ठेवला. त्याच लेखनात खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून, दोन फळ्या एकमेकींवरून सरकवाव्यात तसा लांब किंवा आखूड करायची पद्धतही होती. आज जगभर तीच चालते. चेहऱ्यावर व्रण राहिना, आणि मग साहजिकच लोक नुसतं चावता येण्यासाठी नव्हे, तर दिसण्यासाठीही येऊ लागले.

अंदाजाची सोय त्याआधीच झालेली होती. 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोकं एका चौकटीत स्थिर धरून बाजूनं एक्स-रे घेण्याची रीत बसवली. ब्रॉडबेंट यांच्या रीतीत कानांत दोन दांड्या, एक्स-रेची नळी पाच फुटांवर, आणि दर वेळी हेच अंतर. त्यामुळे आज काढलेला एक्स-रे दोन वर्षांनी काढलेल्यावर ठेवून ताडता येऊ लागला. या एक्स-रेत हाड तर दिसतंच, पण फिल्म नीट असेल तर नाक, ओठ आणि हनुवटीची फिकट कडही दिसते. हाड आणि चेहरा एकाच कागदावर आले.

माझ्या पिढीनं अंदाज शिकला तो कागदावर. लाइट बॉक्सवर एक्स-रे, वर एका बाजूनं खरबरीत असलेला पारदर्शक ट्रेसिंगचा कागद, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी आणि बारीक टोकाची पेन्सिल. आधी कवटीची रेघ, मग वरचा जबडा, खालचा जबडा, पुढचे दात, शेवटी कपाळापासून गळ्यापर्यंत चेहऱ्याची कड. मग दुसऱ्या कागदावर फक्त खालचा जबडा उतरवायचा, तो कात्रीनं कापून वेगळा करायचा आणि पहिल्या कागदावर ठेवून सरकवायचा. दात दातांवर बसले की थांबायचं, चिकटपट्टी लावायची. इथपर्यंत हात ठाम असायचा. आता या नव्या हाडावर नव्या चेहऱ्याची रेघ काढायची. पेन्सिल हनुवटीवर सरळ जायची, खालच्या ओठाशी येऊन रेंगाळायची. आमचे सर मागे उभे राहून म्हणायचे, ‘काढा, काढा, खोडरबर आहे!’ ऑपरेशनच्या टेबलावर ते नसतं, हे सांगायची गरज नव्हती.

ओठाशी पेन्सिल का रेंगाळायची? पोळ्याच्या बैलावर झूल घातलेली तुम्ही पाहिली असेल. जिथे ती बांधलेली असते तिथे ती बैलाबरोबरच चालते. कडेला लोंबते तिथे बैल पुढे जातो आणि झूल तिच्या सवडीनं येते. चेहऱ्यावरही काही भाग बांधलेले आहेत, काही लोंबते. हनुवटीवरचं मांस हाडाला घट्ट चिकटलेलं आहे. हनुवटीचा स्नायू हाडातून निघून थेट कातडीत घुसतो; आपण रडवेला चेहरा केला की हनुवटीवर खळ्या-खळ्या पडतात त्या यामुळेच. म्हणून हनुवटी आज्ञाधारक आहे. खालचा जबडा पुढे आणला तर हनुवटीवरचं मांस जवळजवळ तेवढंच पुढे येतं. नुसतं हनुवटीचं हाड कापून सरकवलं, तर साधारण आठ-नऊ दशांश किंवा त्याहून थोडं जास्त. उलट तेच हाड मागे ढकललं तर मांस तेवढ्या उत्साहानं मागे जात नाही. निम्म्याच्या आसपास जातं आणि बाकीचं हनुवटीखाली गोळा होतं. पुढे आणणं आणि मागे नेणं यांचं गणित सारखं नाही, ही गोष्ट कित्येकदा शिकाऊ सर्जनच्याही लक्षात राहत नाही.

  

ओठांचं तसं नाही. ओठाची एक कड मोकळी आहे. त्याला टेकू आहे तो हाडाचा नव्हे, दातांचा. आता ज्याचा खालचा जबडा लहान आहे अशा माणसाचा खालचा ओठ आठवून पाहा. वरचे पुढचे दात त्या ओठावर टेकलेले असतात. त्यामुळे तो बाहेर उलटलेला असतो आणि त्याच्या खाली, ओठ आणि हनुवटीच्या मध्ये, खोल घळ पडलेली असते. ऑपरेशनमध्ये जबडा पुढे आला की खालचे दात वरच्या दातांना येऊन भिडतात आणि ओठाखालची ती अडचण सुटते. उलटलेला ओठ सरळ होतो, लांबतो, घळ उथळ होते. म्हणजे हाड पुढे गेलं, पण ओठानं मिळालेल्या जागेतली बरीचशी स्वतःची वळकटी उलगडण्यात खर्च केली. म्हणून पुस्तकात खालच्या ओठासाठी साधारण सहा दशांश असा आकडा सापडतो. तो सरासरीचा आकडा. एकाचा ओठ चार दशांश येतो, दुसऱ्याचा आठ. पातळ ओठ हाडाशी जास्त इमान राखतो. जाड ओठ पुष्कळसा धक्का स्वतःतच जिरवतो. आठ मिलिमीटरच्या सरकवण्यात चार दशांश आणि आठ दशांश यांतला फरक तीन मिलिमीटरांहून जास्त होतो, आणि ओठावरचे तीन मिलिमीटर शेजारच्या काकूंनाही दिसतात.

वरच्या जबड्याचं काम केलं की नाकही त्यात ओढलं जातं. वरचा जबडा पुढे किंवा वर नेला की नाकपुड्या रुंदावतात, शेंडा थोडा उचलला जातो, वरचा ओठ पातळ होतो आणि आखडतो. म्हणून सर्जन नाकपुड्यांच्या मुळाशी आतून एक टाका घालून त्या आवळतात आणि ओठाची आतली चीर खास पद्धतीनं शिवतात, म्हणजे ओठाची जाडी टिकते. हे टाके घातले की पुस्तकातलं प्रमाण बदलतं. जुन्या अभ्यासांचे आकडे आणि आजचे आकडे जुळत नाहीत, याचं एक कारण हेच: ऑपरेशनचं नाव तेच राहिलं, टाके बदलले. दातांसाठी आलेल्या माणसाला मात्र नाकाबद्दल कोणी बोललेलं नसतं, आणि तीन महिन्यांनी तो आरशात नाकच बघत बसतो.

टाक्यांवरून आठवलं. हनुवटीच्या ऑपरेशनमध्ये हाड कापायचं ते दातांच्या मुळांच्या खालून आणि ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या बऱ्याच खालून, कारण ती नस बाहेर पडण्याआधी हाडात खाली वळसा घेते. कापलेला तुकडा मागच्या बाजूनं जिभेच्या आणि गळ्याच्या स्नायूंना जोडलेलाच ठेवायचा. त्याला रक्त तिथून मिळतं. हे सगळं विद्यार्थी डोळ्यांत तेल घालून बघतात. मग पट्टी बसते, स्क्रू फिरतात, आणि बहुतेकांच्या मते ऑपरेशन संपतं. माझ्या मते अंदाज खरा ठरायचा की खोटा, ते यानंतर ठरतं. आत शिरताना हनुवटीचा स्नायू कापलेला असतो. तो शोधून, त्याची दोन्ही टोकं पकडून, पहिल्या उंचीवर परत शिवावा लागतो. नुसती वरची त्वचा शिवून टाकली तर काही महिन्यांत हनुवटीवरचं मांस खाली ओघळतं, खालचा ओठ उतरतो आणि खालचे दात उघडे पडतात. हाड अगदी प्लॅनबरहुकूम असतं. एक्स-रे सुंदर असतो. चेहरा बिघडलेला असतो. असं कुठलं सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही, जे सर्जन हा टाका मन लावून घालणार आहे की जेवायच्या वेळेची घाई आहे हे विचारतं.

आता सॉफ्टवेअरबद्दल. 1980 च्या दशकापासून कागद-कात्रीचं काम संगणकाकडे जाऊ लागलं. एक्स-रेवर पेशंटचा फोटो बसवायचा, हाडाची रेघ सरकवायची आणि ठरलेल्या प्रमाणात फोटो ताणायचा. हे अजूनही चालतं आणि स्वस्त आहे. नंतर शंकूच्या आकाराच्या किरणांचा सीटी आला, चेहऱ्याचे त्रिमिती फोटो आले. मग गणितज्ञांनी चेहऱ्याच्या मांसाचे हजारो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाला लवचिकता दिली आणि हाड हललं की कोण कोणाला किती ओढेल ते सोडवायला घेतलं. बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या गटानं 2007 साली अशा चार गणिती पद्धती शेजारी-शेजारी ठेवून, खऱ्या पेशंटांच्या ऑपरेशननंतरच्या चेहऱ्यांशी ताडून पाहिल्या. नुसतं चित्र चांगलं दिसतंय म्हणून खूश न होता चेहरा मोजणारं ते काम मला मोलाचं वाटतं. आता यंत्राला आधीचे-नंतरचे चेहरे दाखवून त्यालाच नियम शोधायला सांगतात.

हाडाच्या बाबतीत यानं क्रांती झाली, यात शंका नाही. वाकडा जबडा, एक बाजू खाली उतरलेली, हे कागदावर दिसतच नसे. आज हाडाचे तुकडे पडद्यावर फिरवून बसवता येतात आणि त्याबरहुकूम कापण्याचे साचे छापून घेता येतात.

पण ‘सरासरी चूक एक मिलिमीटरच्या आत’ असं वाक्य वाचलं की मी आधी विचारतो, सरासरी कशाची? सगळ्या चेहऱ्याची धरली तर त्यात कपाळ येतं, पापण्या येतात, नाकाचं मूळ येतं. ते हललेलेच नसतात. त्यांचा अंदाज तुम्हीआम्हीही बिनचूक करू. ओठ आणि ओठाखालचा भाग वेगळा काढून मोजला की चूक वाढते. आमच्या क्षेत्रात दोन मिलिमीटरपर्यंतची चूक चालण्यासारखी मानायची पद्धत आहे. हाडाला ती ठीक आहे. ओठांना, विशेषतः हसताना, ती ठीक आहे की नाही हे त्या ओठांच्या मालकानं ठरवावं.

शिवाय यंत्राला मिळणारा चेहराच कित्येकदा खोटा असतो. बसून काढायच्या सीटीत डोकं हलू नये म्हणून हनुवटी एका वाटीत टेकवतात. ज्या हनुवटीचा अंदाज बांधायचा तीच दाबलेली. निजून सीटी काढला तर गाल कानांकडे ओघळतात. आणि पेशंट? ज्याचे ओठ आपोआप मिटत नाहीत, तो फोटोसाठी ते ताणून मिटतो. वर्षानुवर्षं त्यानं घरच्या प्रत्येक फोटोत तेच केलेलं असतं. मी त्याला सांगतो, ‘मामा म्हण, ओठ ओले कर, आणि विसरून जा.’ पाचव्या-सहाव्या ‘मामा’नंतर कुठे ओठ सुटतात आणि खरा चेहरा दिसतो. तोपर्यंत मशीनवाला घड्याळ बघायला लागलेला असतो. ताणलेल्या ओठांवर केलेलं गणित कितीही महाग असलं तरी ते दुसऱ्याच माणसाचं गणित असतं.

आणखी एक अडचण लक्ष्याची आहे. कुठवर न्यायचं? नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ ओढायची आणि ओठ तिच्या किती मागे आहेत ते बघायचं, ही रिकेट्स यांची रेघ दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. खालचा ओठ दोनएक मिलिमीटर मागे असावा, असं पुस्तक म्हणतं. ते पुस्तक गोऱ्या अमेरिकनांच्या चेहऱ्यांवरून आलं. आपल्याकडे ओठ भरदार, नाकाची ठेवण वेगळी. ती रेघ जशीच्या तशी लावली तर धडधाकट मराठी चेहऱ्यांतले कितीतरी ‘दोषी’ ठरतील, आणि रेघ गाठायच्या नादात गरज नसलेल्या हनुवट्या पुढे ओढल्या जातील. भारतातल्या वेगवेगळ्या समाजांची मोजमापं घेणारे अभ्यास झाले आहेत, त्यांचा उपयोग करायला हवा. तरी मी म्हणेन, त्या माणसाच्या आईचा आणि भावाचा चेहराही एकदा बघावा. घरातली ठेवण पुसून टाकायला तो आलेला नसतो.

पुस्तकी प्रमाणं कुठे पार कोलमडतात ते आपल्या सरकारी रुग्णालयांत दिसतं. मूल ओट्यावरून, जिन्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटीला खोक पडते, दोन टाके पडतात, सगळे विसरतात. कानापुढचा जबड्याचा सांधा मात्र आत मोडलेला असतो आणि हळूहळू हाडानं हाडाला चिकटून बसतो. तोंड उघडेनासं होतं. जबड्याची वाढ खुंटते. दहा-बारा वर्षांनी ते मूल येतं तेव्हा हनुवटी जवळजवळ नाहीच, गळा थेट ओठापासून सुरू होतो. रात्री ते घोरतं, श्वास अडतो, दचकून उठतं, वर्गात झोपतं. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. तिथे जबडा पाच-सात नव्हे, पंधरा-वीस मिलिमीटरही पुढे आणावा लागतो. हाड कापून रोज एक मिलिमीटर या गतीनं ताणत नेण्याची पद्धत जबड्यासाठी 1992 मध्ये मॅकार्थी यांनी प्रसिद्ध केली. या मुलांना ती वरदान ठरली. पण गळ्याची कातडी, स्नायू सगळं जन्मभर आखूड राहिलेलं. ते किती येईल, आणि आलेलं किती टिकेल, हे साध्या जबड्यांवर बेतलेल्या तक्त्यांत कुठून असणार? अशा वेळी मी चित्र काढतच नाही. आई विचारते, ‘बरा दिसेल ना?’ मी सांगतो, आधी रात्रभर झोपेल, घास तोंडात जाईल. हनुवटी आजच्यापेक्षा नक्की पुढे येईल, आणि कदाचित वाढ पूर्ण झाल्यावर आणखी एक ऑपरेशन लागेल. हाही अंदाजच आहे.

आता वेळेचा मुद्दा. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात चेहरा भोपळ्याएवढा होतो, हे सांगूनही कोणाला खरं वाटत नाही. सूज महिन्याभरात बरीच उतरते, उरलेली रेंगाळते. सहा महिन्यांच्या आत निकाल लावू नये, वर्षानं लावावा. मधल्या काळात पेज, ताक, मिक्सरमधून काढलेलं वरण-भात यांवर दिवस काढल्यामुळे वजनही उतरलेलं असतं. गाल बसलेले दिसतात आणि नातेवाईक त्याचं श्रेय सर्जनला देतात. खालचा ओठ काही महिने बधिर असतो, त्यामुळे तो नीट मिटतोय की नाही हे पेशंटला कळतही नाही. याच काळात लोक बोलतात. कोणी म्हणतं, ‘ओळखलंच नाही!’ आणि हे कौतुक आहे की तक्रार, ते कळत नाही. त्यात लग्नाची घाई. ‘मे महिन्यात मुहूर्त आहे, त्याआधी होईल ना?’ ऑपरेशनआधी दात तारांनी जागेवर आणायलाच बहुधा वर्ष-दीड वर्ष जातं. त्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो, कारण दातांनी जबड्याचा दोष झाकायला केलेली तडजोड आम्ही आधी सोडवतो. हे पडद्यावरच्या चित्रात कुठेच नसतं. त्यात एक आजचा चेहरा असतो आणि एक उद्याचा, मधला काळ पुसलेला.

ते चित्र मी दाखवतच नाही असं नाही. चित्राशिवाय बोलणं अवघड आहे. ‘थोडी पुढे’ म्हणजे माझ्या डोक्यात सहा मिलिमीटर असतात आणि समोरच्या मुलीच्या डोक्यात एखादी नटी. मी एका रेघेऐवजी ओठाच्या जागी तीन रेघा काढतो: मधली पुस्तकाप्रमाणे, एक पुढची, एक मागची. हनुवटीला एकच रेघ, कारण तिथे मला खात्री आहे. एका मुलीनं त्या तीन रेघांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘यातली पुढची रेघ खरी ठरली तर?’ ती रेघ तिला नको होती. मग आम्ही जबड्याची हालचाल दातांना हवी तेवढीच ठेवली आणि वेगळं हनुवटीचं ऑपरेशन, जे मी सुचवलं होतं, ते वगळलं. पुढे वाटलंच तर नंतर करता येईल असं ठरलं. एकच सुबक चित्र दाखवलं असतं तर हा प्रश्न तिनं विचारला नसता. असं संभाषण झाल्यावर काही जण ऑपरेशनच नको म्हणून उठून जातात. जाऊ देत.

माझी एक सूचना आहे, आणि तिला यंत्र लागत नाही. प्रत्येक सर्जननं ऑपरेशनआधी काढलेला अंदाज फाइलमध्ये ठेवावा आणि वर्षानं त्याच कोनातून, त्याच अंतरावरून घेतलेल्या फोटोवर तो ठेवून पाहावा. फसलेले अंदाजही ठेवावेत, विशेषतः तेच. आपल्याकडच्या चेहऱ्यांची, आपल्याकडच्या टाक्यांची प्रमाणं त्यातूनच मिळतील, आणि यंत्राला शिकवायचं तर ते याच चेहऱ्यांवर शिकवावं लागेल. आज अडचण अशी की वर्षानं पेशंट येत नाही. बरा झालेला माणूस दवाखान्यात कशाला येईल? नाराज तेवढे येतात. मग आमच्या फाइलींत नाराजांचेच चेहरे साठतात, आणि परिषदांमध्ये पडद्यावर मात्र खूश असलेल्यांचे. आणि हे सगळे फोटो मिटलेल्या ओठांचे. माणूस बोलतो, हसतो, घास चावतो तेव्हा ओठ कसा हलेल, याचा अंदाज आम्ही अजून जवळजवळ बांधतच नाही. हलता चेहरा टिपणारे त्रिमिती कॅमेरे काही केंद्रांत आले आहेत. त्यांच्यावरून मोजमाप सुरू आहे. ऑपरेशनआधी मात्र कोणालाही त्याचं स्वतःचं उद्याचं हसू दाखवण्याइतकी आमची तयारी झालेली नाही, आणि कोणी दाखवलंच तर त्याला विचारा की याआधी असं किती जणांना दाखवलंत आणि त्यांतल्या किती जणांना वर्षानं परत बोलावून पाहिलंत.

कार्यकर्त्यांनी चिठ्ठ्या आणून ठेवल्या आहेत. पहिली चिठ्ठी घोरण्याबद्दल आहे, तिच्यापासून सुरुवात करतो.